सौर पंप आला, आता बोअरचं काय?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं सौर पंपाबद्दल आहेत, म्हणून पहिल्या पत्राला जास्त जागा देते. बाकीच्यांची उत्तरं त्यामानाने थोडक्यात.

प्रश्न : ताई, औसा तालुक्यात माझी चार एकर जमीन आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून पाच एचपीचा पंप बसला. दहा टक्के आम्ही भरले, बाकीचे सरकारने. रात्री दोनला उठून मोटर चालू करायला जायचं संपलं, बिलाची कटकट गेली. पोरगं म्हणतंय, आता दोन एकर ऊस लावू. पण फेब्रुवारीपासून धार बारीक झाली, दुपारनंतर मोटर हवा मारते. शिवारात असे बरेच पंप बसलेत. बोअर साडेचारशे फूट आहे. अजून दोनशे फूट खाली घ्यावा का?
— एक शेतकरी, ता. औसा, जि. लातूर

दादा, आधी सरळ उत्तर देते. बोअर खाली घेऊ नका आणि ऊस लावू नका. पंप मात्र ठेवा. तो चांगला आहे.

रात्रीच्या पाळीचे हाल मी भूजल मोजण्याच्या माझ्या नोकरीच्या काळात गावोगाव ऐकले आहेत. आठवडाभर दिवसा लाइट, आठवडाभर रात्री. थंडीत बॅटरी घेऊन पाटाच्या कडेने चालायचं. पायाखाली काय येईल सांगता येत नाही. त्यातून शेतकरी सुटला याचा मला मनापासून आनंद आहे. तेव्हा सौर पंपाच्या विरोधात मी एक अक्षर लिहिणार नाही. माझी काळजी पंप बसल्यानंतरच्या हिशेबाची आहे, कारण तो हिशेब पंप बसवायला येणारा माणूस सांगत नाही.

तुमच्या शेताचाच मांडू. लातूर जिल्ह्यात वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस होतो. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार हजार लिटर. म्हणजे चार एकरांवर वर्षभरात पडतं सुमारे १ कोटी ३० लाख लिटर. ऐकायला खूप वाटतं. पण आपला खडक काळा बेसाल्ट. वर माती, खाली मुरूम, त्याखाली कुठे भेगांचा, कुठे पोकळ्या असलेला मांजऱ्या, आणि मग अखंड पाषाण. अशा खडकात पडलेल्या पावसातला साधारण दहावा हिस्सा मुरतो. जागा चांगली असेल तर थोडा जास्त, पाषाण वर असेल तर कमी. दहावा धरला तर तुमच्या चार एकरांनी वर्षभरात जमिनीत घातलेलं पाणी १३ लाख लिटर.

आता पंप बघा. पाणी दोनशे फुटांवर आहे असं धरते. तिथून पाच एचपीचा पंप चांगल्या उन्हात तासाला दहा हजार लिटरच्या आसपास वर आणतो. सहा तास नीट ऊन मिळालं तर दिवसाला साठ हजार. म्हणजे तुमच्या रानात मुरलेलं वर्षाचं पाणी तुमचा पंप बावीस दिवसांत बाहेर काढू शकतो. तेविसाव्या दिवसापासून येतं ते शेजाऱ्याच्या बांधाखालून. शेजाऱ्याचा पंप तेच तुमच्या बांधाखालून ओढत असतो. फेब्रुवारीत धार बारीक झाली ती यामुळे. तुमच्या पंपात काही बिघाड नाही.

पूर्वी या उपशाला लगाम होता, तो विजेचा. कुणी मुद्दाम घातला नव्हता. आठ तासांची पाळी, मध्येच जाणारा लाइट, जळलेला ट्रान्सफॉर्मर आणि डोक्यावरचं बिल, यामुळे मोटर आपोआप बंद राहायची. त्या लगामाने शेतकऱ्याचे हाल झाले, पण जमिनीखालच्या पाण्याला थोडी उसंत मिळायची. आता ऊन उगवलं की पंप सुरू, आणि पुढच्या प्रत्येक लिटरला खर्च शून्य. माणूस स्वभावतः बंद करत नाही. हा कुणाचा दोष नाही, पण लगाम गेला तर त्याच्या जागी दुसरा आपणच घालायला हवा होता. तो बहुतेक गावांनी घातलेला नाही, आणि योजना आखतानाही त्याकडे पुरेसं लक्ष गेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

उसाचं म्हणाल तर पाटाने दिलेल्या एक एकर उसाला वर्षाकाठी सत्तर-ऐंशी लाख लिटर पाणी लागतं. त्यातलं काही पाऊस देईल, ठिबक केलंत तर बरीच बचत होईल. तरी दोन एकरांचा आकडा तुमच्या १३ लाखांजवळ कुठेच येत नाही. उलट हरभऱ्याचं गणित पाहा. तुषार सिंचनाने पाण्याची ४० मिलिमीटरची एक पाळी म्हणजे एकरी १ लाख ६० हजार लिटर. चार एकरांना दोन पाळ्या दिल्या की १३ लाख. तुमच्या जमिनीतल्या पाण्याची जमा आणि खर्च तिथे जुळतात. खरिपात सोयाबीन-तूर, रब्बीत हरभरा किंवा ज्वारी, आणि पावसाने ओढ दिली तर एखादी संरक्षक पाळी, एवढ्याला तुमचं पाणी पुरतं. पोराला हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. तरुण पोरं आकड्याला तयार असतात, नुसत्या ‘नको’ला नसतात.

बोअर खोल घेण्याबद्दल. खोलवर जे पाणी लागतं ते अरुंद भेगांमध्ये वर्षानुवर्षं साठलेलं असतं. त्या भेगा पावसाळ्यात परत भरतीलच असं नाही. पहिल्या वर्षी दोन इंच पाणी, दुसऱ्या वर्षी एक इंच, तिसऱ्या वर्षी नुसता फुफाटा, हे मराठवाड्यात कुणाला नवीन नाही. शिवाय महाराष्ट्राचा भूजल कायदा ६० मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा, खोल विहीर शेतीसाठी घ्यायला मनाई करतो. तुमचा बोअर आधीच त्याच्या दुपटीच्या पुढे आहे. अंमलबजावणी किती होते ते तुम्हीही जाणता आणि मीही. पण नियम करणाऱ्यांनी दोनशे फूट हा आकडा उगाच धरलेला नाही. पावसाचं पाणी दरवर्षी परत पोचतं ते मुख्यत्वे वरच्या झिजलेल्या थरात.

आणि ते मुरणंही आता पूर्वीइतकं भरवशाचं राहिलेलं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. एकूण आकडा तोच राहिला तरी पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो. रिमझिम आठवडाभर चालली तर जमीन पिते. तासाभरात शंभर मिलिमीटर आला तर ओढ्याने निघून जातो आणि जाताना माती घेऊन जातो. २०२५च्या सप्टेंबरात आपल्याकडे जमिनी कशा खरडून गेल्या, विहिरी गाळाने कशा भरल्या ते तुम्ही पाहिलंच आहे. ‘यंदा पाऊस बक्कळ झाला, म्हणजे उन्हाळ्याची चिंता नाही’ हे वाक्य म्हणून आता धोक्याचं आहे. बक्कळ झाला, पण मुरला किती?

ते कळायला सरकारी यंत्रणेची वाट पाहू नका. नोकरीत असताना आम्ही निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घ्यायचो : ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप खाली सोडायची, वर ओढली की खडू जिथवर ओला झालेला दिसे तिथे पाणी. तुम्ही नायलॉनच्या दोरीला दर मीटरला गाठ मारा, टोकाला लोखंडी नट बांधा आणि केसिंग (बोअरचा बाहेरचा पाइप) व पंपाचा पाइप यांच्या फटीतून हळू सोडा. फट अगदी अरुंद असेल तर नका सोडू, दोरी केबलला गुंतेल. मग जवळच्या वापरात नसलेल्या बोअरमध्ये किंवा विहिरीत मोजा. मोजायचं पहाटे, पंप सुरू होण्याआधी, म्हणजे रात्रभर स्थिरावलेली पातळी मिळते. महिन्यातून एकदा पुरे. ऑक्टोबरचा आकडा मागच्या ऑक्टोबरपेक्षा खाली असेल तर रब्बीचं क्षेत्र तेवढं कमी करायचं. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवारांनी गावाला हीच सवय लावली : पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून पीक ठरवायचं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. त्या गावात पाऊस तुमच्याहून कितीतरी कमी पडतो.

एक गोष्ट अजून, विचारली नसली तरी. शिवारात आता नवीन रीत निघाली आहे : सौर पंपाने दिवसभर बोअरचं पाणी काढून प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात भरून ठेवायचं. कृपा करून हे करू नका. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याची रोज सात-आठ मिलिमीटर वाफ होते. तीस बाय तीस मीटरचं तळं असेल तर दिवसाला सात हजार लिटर नुसते हवेत. जमिनीखाली होतं तेव्हा त्यावर ऊन पडत नव्हतं. शेततळं पावसाच्या वाहत्या पाण्यासाठी आहे.

उरलेल्या उन्हाचं काय करायचं हा प्रश्न खरा. पॅनेल वर्षातले बरेच दिवस रिकामे राहणार. पंपाचा कंट्रोलर इतर यंत्रंही चालवता येतील अशा प्रकारचा असेल तर त्यावर कडबाकुट्टी, पिठाची गिरणी चालू शकते. पुरवठादाराला आधी विचारा, परस्पर वायर जोडू नका. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ साली सहकारी मंडळी काढली आणि पंपाला न लागणारी वीज कंपनीला विकायला लागले. विजेलाच भाव मिळाला की पाणी उपसून ऊन ‘वसूल’ करायचा मोह उरत नाही. मला स्वतःला हा मार्ग सगळ्यात पटतो. आपल्याकडे वेगळ्या पंपाऐवजी अख्ख्या फीडरलाच (शेतांकडे वीज नेणाऱ्या वाहिनीलाच) दिवसा सौर वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. त्यात पडीक जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. ज्याच्याकडे मुरमाड माळ आहे त्याने उसाआधी याची चौकशी करावी.

प्रश्न : परळीच्या औष्णिक केंद्राजवळ राहतो. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सौर ऊर्जेमुळे पाणी वाचतं असं शिकवतात. खरंच किती वाचतं?
— एक विद्यार्थी, परळी वैजनाथ, जि. बीड

वाचतं, आणि तुझ्या गावाइतकं ते दुसऱ्या कुणाला कळणार नाही. २०१३ आणि पुन्हा २०१५च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा होता, माणसं होती, वाफ थंड करायला पाणी नव्हतं. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांना जी मर्यादा घातली ती मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटरची आहे. घरातल्या एका युनिटमागे साडेतीन लिटर. सौर पॅनेलला फक्त धुण्यापुरतं पाणी लागतं, आणि मोठ्या प्रकल्पांत आता कोरड्या ब्रशनेही सफाई होते.

पण वरच्या दादांच्या पंपाला हेच गणित लावून पाहा. पाच एचपी म्हणजे ३.७ किलोवॉट. सहा तास चालला तर २२ युनिट. ही वीज कोळशाची नाही म्हणून परळीत वाचलं सुमारे ७७ लिटर. त्याच सहा तासांत औशाच्या जमिनीतून निघालं साठ हजार लिटर. दोन्ही आकडे खरे आहेत. स्वच्छ ऊर्जेवर बोलताना पहिला आकडा सगळे सांगतात. तू अभियंता होणार आहेस, तेव्हा दुसराही विचारत जा.

प्रश्न : आमच्या भागात डोंगरावर एक तलाव, खाली एक तलाव बांधून वीज साठवण्याचे प्रकल्प येणार अशी चर्चा आहे. धरणाच्या पाण्यासाठी आमच्या आजोबांच्या पिढीने जमिनी दिल्या. आता उरलंसुरलं पाणीही विजेसाठी पळवणार का?
— एक वाचक, ता. अकोले, जि. अहिल्यानगर

या प्रकाराला उदंचन जलविद्युत म्हणतात आणि त्याचा नमुना तुमच्याच तालुक्यात आहे. घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प चालतो : वरचा तलाव घाटघरला, खालचा कड्याखाली शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याला. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की सोडायचं. चढवायला जितकी वीज लागते त्याच्या पाऊणपट किंवा थोडी जास्त परत मिळते. सौर वीज दुपारी भरपूर आणि संध्याकाळी सातला नाही, म्हणून अशा साठ्याची गरज वाढली आहे आणि सह्याद्रीचा उभा कडा यासाठी सगळ्यांच्या डोळ्यात भरतो आहे.

पाण्यापुरतं बोलायचं तर तेच पाणी वर-खाली फिरतं. सुरुवातीला तलाव भरायला लागतं, पुढे वाफ होते तेवढी भर घालावी लागते. म्हणून ‘पाणी पळवणार’ ही भीती इथे तितकीशी लागू नाही. ती लागू होती जुन्या जलविद्युत प्रकल्पांना. मुळशी आणि मावळातली टाटांची धरणं भीमेच्या खोऱ्यातलं पाणी घाटाखाली सोडून वीज करतात, ते परत वर येत नाही. कोयनेचंही तसंच, राज्यांमध्ये नदीचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली ती त्यामुळेच. वीज स्वच्छ, पण खालच्या खोऱ्यातल्या सोलापूरच्या शेतकऱ्याच्या वाट्याचं पाणी कोकणातून समुद्रात. १९२१ साली सेनापती बापटांनी मुळशीत सत्याग्रह केला तो जमिनींसाठी, आणि तुमच्या पत्रातला राग मला त्याच जातीचा वाटतो.

तेव्हा तुम्ही प्रश्न पाण्यापेक्षा जमिनीचे आणि जंगलाचे विचारा. वरच्या तलावात किती वनक्षेत्र बुडणार? सुरुवातीचं भरणं कुठल्या धरणाच्या, कुणाच्या वाट्यातून आणि कुठल्या महिन्यात? दुष्काळी वर्षी पिण्याच्या पाण्याला प्राधान्य राहील असं लेखी आहे का? बोगदे खोदताना डोंगरातले झरे आटले तर जबाबदारी कुणाची? या शेवटच्या प्रश्नावर अडून बसा. सह्याद्रीतल्या वाड्या-वस्त्या झऱ्यांवर जगतात, आणि झरा एकदा तुटला की तो कुठलाही ठेकेदार परत जोडू शकत नाही. पर्यावरणविषयक जनसुनावणीत तोंडी बोलून थांबू नका, लेखी निवेदन द्या.

प्रश्न : आमच्या तांड्यावर एकाच बोअरवर हातपंप आणि सौर पंप असा दुहेरी पंप आहे, पाच हजार लिटरची टाकी आहे. दुपारपर्यंत टाकी भरून वाहत असते. आणि मार्चनंतर हातपंपालाही पाणी येत नाही. आमच्या बाजूच्या शेतात दोन नवीन बोअर झालेत. आम्ही बचत गटाच्या बाया काय करू शकतो?
— एका महिला बचत गटाच्या सदस्या, जि. धाराशिव

ताई, तुमच्या हातात बरंच काही आहे. आधी टाकी. ती वाहते म्हणजे टाकी भरल्यावर पंप बंद करणारा फ्लोट किंवा सेन्सर बिघडला आहे. ही दुरुस्ती मोठी नाही, ग्रामपंचायतीकडून लगेच करून घ्या. तोवर कंट्रोलरचं बटण बंद करायचं काम एका घराने एक आठवडा, असं वाटून घ्या. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने पाच हजार लिटर नव्वद माणसांना पुरतात. तांडा त्याहून लहान असेल तर टाकी दिवसातून एकदा भरणं बस आहे. डिसेंबरात वाहून गेलेलं पाणीच एप्रिलमध्ये हवं असतं.

आता शेजारचे बोअर. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर किंवा बोअर घेऊ नये, हा नियम महाराष्ट्रात १९९३च्या कायद्यापासून आहे. अंतर मोजून घ्या. मग त्या शेतकऱ्याशी आधी घरच्यासारखं बोला, भांडायला जाऊ नका; उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांत तरी त्याने पंप बंद ठेवावा, एवढीच मागणी करा. बऱ्याच ठिकाणी एवढ्यावर मिटतं, कारण त्याच्या घरातल्या बायाही याच टाकीवर येतात. नाहीच ऐकलं तर ग्रामसभेत ठराव घ्या आणि ग्रामपंचायतीमार्फत तहसीलदारांकडे अर्ज करा. अर्जाची एक प्रत जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या नावाने द्या. त्या बोअरचा तुमच्या पाण्यावर परिणाम होतो का, हे तपासून अहवाल देणं त्यांचं काम आहे. अर्ज फेब्रुवारीच्या आत गेला पाहिजे. मे महिन्यात गेलेल्या अर्जावर पाहणी होईपर्यंत पाऊस सुरू होतो आणि विषय मागे पडतो.

अर्जावर तारखेसह पोच घ्या, आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात ठराव क्रमांक टाकल्याशिवाय सही करू नका. तहसीलमध्ये पहिल्यांदा तोच विचारतात.